येडगावच्या पिंजऱ्यात नग दोन

"जनावर पेटीत कसं ठेवायचं, हे मला कुणी शिकवू नये!"

हे वाक्य मी बोललो. मी! एसटीत शेजारच्याला "जरा सरकता का" असं विचारायचं ठरवलं, तर आळेफाट्याला शब्द जुळवायला लागतो आणि ओतूर आलं तरी ते जुळलेले नसतात, असा माणूस मी. वय वर्षं त्र्याहत्तर. पण त्या दिवशी गेणभाऊच्या सलूनमध्ये माझ्या दोन्ही गालांना साबण होता आणि डोळे मिटलेले होते. समोरच्यांचे चेहरे दिसत नसले की माझ्या अंगात वारं शिरतं. त्या वाऱ्यानं पुढं मला कुठं नेऊन घातलं, तेच सांगायचंय.

विषय बिबट्याचा होता. आमच्या येडगावात सध्या दुसरा विषय नसतो. कुंडलिकच्या उसाच्या कडेला पिंजरा लावून नऊ दिवस झाले होते. बिबट्या यायचा, चिखलात ठसे ठेवायचा आणि पिंजऱ्याला वळसा घालून निघून जायचा. आमच्याकडं ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पाच वाजले की बायामाणसं शेतातून घरी येतात, अंगणं ओस पडतात. मी तर चारलाच दार लावून घेतो आणि दारामागं पुस्तकांची पेटी सरकवतो. माझी बायको रत्ना म्हणते, "बिबट्या काय दार वाजवून येणाराय का?" पण पेटी असली की मला बरं वाटतं.

तर सलूनमध्ये कुंडलिक म्हणाला, "नऊ दीस झालं, आत पाय ठेवीना. पिंजऱ्यातच कायतरी खोट असंल."

आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं!

त्याला कारण होतं. तीस वर्षं मी मुंबईच्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या मालगोदामात कारकून होतो. विमानात माणसं बसतात हे सगळ्यांना ठाऊक असतं; त्यांच्या पायाखाली काय काय बसलेलं असतं, ते आम्हाला ठाऊक असायचं. एका दिवसाची कोंबडीची पिल्लं, शोभेचे मासे, हापूस, यंत्रांचे सुटे भाग, कधी एखादी शवपेटी. आलेला माल मोजायचा, काट्यावर चढवायचा, लेबल चिकटवायचं आणि कागदावर लिहायचं: नग इतके. आमच्या कागदावर सगळे सारखेच. आंबा काय, मासा काय, माणूस काय, नग म्हणजे नग.

"सिंहाचा पिंजरा सांभाळलाय मी," मी साबणाआडून म्हणालो. "भर दुपारी. चार तास. एकटा! भीती वाटू नये म्हणून त्याला पुस्तक वाचून दाखवलं. हूं नाही की चूं नाही!"

गेणभाऊचा वस्तरा माझ्या गळ्यापाशी थांबला.

"सिंव्हाला पुस्तक?"

"प्रवासवर्णन," मी म्हणालो.

सलूनमध्ये इतकी शांतता पसरली की मी एक डोळा उघडला. सगळे माझ्याकडं बघत होते. मी डोळा परत मिटला, पण उशीर झाला होता.

"नानाभाऊ," कुंडलिक म्हणाला, "मंग आमचा पिंजरा बगा की राव एकदा! सिंव्ह जिथं बसला तिथं बिबट्याचं काय घिऊन बसलाय!"

'नाही' म्हणायलाही हिंमत लागते. ती असती तर मी 'हो' म्हणालोच नसतो.

घरी रत्ना पोट धरून हसली. "तुमी? घरात मांजर आली तर खुर्चीवर चढता तुमी!"

त्याच दिवशी दुपारी साडेचारला कुंडलिक मला मोटारसायकलवर बसवून शेतात घेऊन गेला. मी सोबत दोन वस्तू घेतल्या होत्या. एक, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली लोखंडी फीत, माप घ्यायची. आणि दुसरी, एक यादी. जिवंत जनावर विमानात चढवण्याआधी आम्हाला प्रश्नांची एक लांबलचक यादी भरावी लागे. पेटीत हवा खेळती आहे का? पाण्याचं भांडं आहे का? प्राणी उभा राहू शकतो का, वळू शकतो का, आडवा होऊ शकतो का? एका प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं की माल परत. यादी मला पाठ होती. सलूनमधून आल्यावर ती मी सुवाच्य अक्षरात मराठीत उतरवली होती.

पिंजरा उसाच्या दोन सरींमध्ये होता. लोखंडाचा, लांबट, वरून आणि बाजूंनी उसाच्या पाचटानं झाकलेला. मागच्या बाजूला जाळीनं वेगळा केलेला कप्पा, त्यात ठकूबाईची शेळी भिंगरी. ठकूबाई तिला पाला घालून निघतच होती.

"भाऊ, दीस हाय तवर उरका," ती म्हणाली. "आन् माझ्या भिंगरीच्या केसाला धक्का लागला तर मी कुणाला सोडायची न्हाई. साहेब न्हाई, बिबट्या न्हाई!"

कुंडलिकनं मला सगळं समजावलं. आत मधोमध एक फळी. तिच्यावर पाय पडला की वरचं दार धाडकन खाली येतं आणि बाहेरून आपोआप खिट्टी बसते. "आतनं उगडत न्हाई. कायबी करा."

एवढ्यात लांबून कुणीतरी ओरडलं, "लाईट आली ओ!" थ्री फेजची लाईट आली की आमच्याकडचा शेतकरी चितेवरूनही उठून मोटार चालू करायला पळेल. कुंडलिक पळत पळत म्हणाला, "आलोच पाच मिंटात! बगा तुमी निवांत!"

मी एकटा. भोवती ऊस, डोक्याच्या वर हातभर उंच. वारा नसताना आतून सळसळ येत होती. मला परत फिरावंसं वाटलं. पण परत फिरायचं तर त्याच उसाच्या कडेनं, एकट्यानं! त्यापेक्षा काम बरं. मी यादी काढली. हवा खेळती: होय. पाण्याचं भांडं: होय. लेबल: नाही, पण हे चालवून घेता येईल.

मग आला लांबीचा प्रश्न. आणि इथं माझ्या तीस वर्षांच्या नोकरीनं माझा घात केला. लांबी आतून मोजायची असते! बाहेरून माप घेणाऱ्या कारकुनाला आमचे साहेब भर गोदामात उभं करायचे. एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, बाबा रे, हा पिंजरा कुठं विमानात चढवायचाय? पण तिथं शहाणा माणूस नव्हता. मी होतो.

फळी टाळून, एका बाजूनं, रांगत मी आत शिरलो. मला फळीची पूर्ण कल्पना होती. फीत मागच्या जाळीला टेकवली. आकडा टिपायला यादी मांडीवर ठेवली. भिंगरीनं जाळीतून तोंड घातलं आणि यादीचा कोपरा धरला.

"ए! सोड!"

ती चावू लागली. कागद म्हणजे कागद! तीस वर्षांत माझा एक कागद गहाळ झालेला नाही. मी दोन्ही हातांनी झडप घातली, पाय मागं गेला...

धाडकन!

पाचटातून धुरळा उडाला. मग सगळं शांत झालं. भिंगरी तेवढी यादी चघळत होती.

मी दार ढकललं, ओढलं, त्याची विनवणी केली. काही नाही. मग सवयीनं मनातल्या मनात यादी भरली. प्राणी उभा राहू शकतो का? नाही. वळू शकतो का? कष्टाने. आडवा होऊ शकतो का? गुडघे पोटाशी घेतले तर. म्हणजे पिंजरा नापास! पण ही तक्रार द्यायची कुणाकडं?

खिशात फोन होता. कुंडलिकला लावला. वाजत राहिला, मोटारीच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार! मग रत्नाला लावला.

"अगं, मी पिंजऱ्यात अडकलोय."

"परवा म्हणत व्हता, माणूस सवयींच्या तुरुंगात असतोय. आज पिंजरा का? ती पुस्तकं आदी कमी करा! आन् येताना कोथिंबीर आणा." फोन बंद.

पुन्हा फोन करून तेच सांगणं मला प्रशस्त वाटेना. ओरडावं, तर काय ओरडावं? 'वाचवा' हे फार नाटकी वाटतं. 'कुणी आहे का?' असं विचारावं, तर नको त्यानं 'ओ' दिली म्हणजे!

आणि मग भिंगरी चघळायची थांबली.

शेळी चघळायची थांबते, तेव्हा काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. आवाज गेला असं वाटत नाही. हवा गेली असं वाटतं. तिचे कान उभे राहिले. तिचा सगळा देह पलीकडून जाळीला, माझ्या पाठीशी येऊन चिकटला. ती थरथरत होती. किंवा मी थरथरत होतो. जाळीचा आवाज दोघांचा मिळून येत होता.

दाराच्या गजांतून समोरची सरी दिसत होती. तिथं तो उभा होता. कधी आला, कुठून आला, काही नाही. ऊस हललासुद्धा नव्हता. चित्रात दिसतो तसा तो दिसत नाही हो. चित्रात तो आपल्याकडं बघत नसतो.

तो दोन पावलं पुढं आला. बसला. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. माझ्या आणि त्याच्यामध्ये लोखंड होतं, हे मला कळत होतं. पण ते माझ्या पायांना, पोटाला, दातांना कोण सांगणार! मला वाटलं, काहीतरी वाचून दाखवावं. आयुष्यभर हजार पुस्तकं वाचली, त्यातली एक ओळ आठवेना. तोंडातून आलं ते एवढंच, "हवा... खेळती आहे का? पाण्याचं... भांडं आहे का?"

त्यानं मान तिरकी केली. सगळे प्रश्न ऐकले. मग उठला, दारापर्यंत आला, खालच्या गजापाशी नाक लावून मला हुंगला. त्याचा श्वास माझ्या तळपायाला लागला. आणि पंगतीत आपल्या पाटावर भलताच बसलेला पाहून पाहुणा जसा तोंड वाकडं करून उठतो, तसा तो वळला आणि उसात गेला.

मी हललो नाही. घशातलं पाणी आटून गेलं होतं.

थोड्या वेळानं मोटारीकडून कुंडलिकची हाक आली. "नानाभाऊ! ओ नानाभाऊ!" मी ओ दिली. निदान तसा प्रयत्न केला. आवाज आला तो असा, "घ्रर्र..."

बांधावर कुंडलिक थबकला. त्याला दिसलं: दार पडलंय, पाचट हलतंय, आतून गुरगुर येतीये आणि नानाभाऊ कुठंच नाहीत.

त्यानं ठोकलेली बोंब धरणाच्या पलीकडं गेली असेल. "गावला ओ! बिबट्या गावला! पर नानाभाऊला खाऊन गावलाऽऽ!"

अर्ध्या तासात बांधावर निम्मं येडगाव जमलं. पुढं यायला कुणी धजत नव्हतं. सगळे तीस-चाळीस पावलांवर. पाचटामुळं आतलं धड दिसत नव्हतं, आणि मी अंधाऱ्या कोपऱ्यात भिंगरीला पाठ लावून मुटकुळं करून बसलेलो. आता ओरडायचंच, असं ठरवून मी घसा ओला करत होतो. तेवढ्यात कुंडलिक हुंदके देऊन बोलू लागला.

"माझ्यामुळं गेलं ओ! मीच आणलं त्यास्नी हितं! सिंव्हापुढं बसलेला माणूस... आन् मरण कुठं आलं? माझ्या उसात!"

"लई गुणी माणूस," गेणभाऊ म्हणाला. "दाढी करताना मान जिकडं फिरवली तिकडं ऱ्हायची. असलं गिऱ्हाईक परत व्हणं न्हाई!"

"कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

"बोलायचाच न्हाई कदी. आज पयल्यांदा बोलला, आन् बगा!"

आता तुम्हीच सांगा, श्रद्धांजली चालू असताना मध्येच कसं बोलायचं? आणि खरं सांगू का, माझ्याविषयी इतकं चांगलं मी कधी ऐकलेलं नव्हतं. म्हटलं, एवढं वाक्य संपू दे. तिथंच चुकलं! दुःखाचा राग कधी झाला ते कळलंच नाही. पहिला दगड पिंजऱ्यावर खणकन आदळला.

"मारा! नरभक्षक हाय!"

"थांबा, दगडानं काय व्हतंय!" सावळेरामचा आवाज. तो ट्रॅक्टरवाला. "डिझेल आणतो. पेटवूनच द्या!"

माझ्या खुनाचा बदला म्हणून माझं गाव मला जाळायला निघालं होतं! मी ओरडलो. जीव खाऊन ओरडलो. "घ्रर्र... घ्र..."

"बगा, बगा! कसा गुरगुरतोय! पोट भरलं तरी माज जाईना!"

आणि तेव्हा गर्दी फोडून एक आवाज पुढं आला. "खबरदार! हात तर लावून बगा पिंजऱ्याला! माझी भिंगरी हाय आत!" ठकूबाई विळा घेऊन मध्ये उभी राहिली. "आदी माझी शेळी भाईर काढा, मंग काय जाळायचं ते जाळा!"

माझ्या बाजूनं इतक्या जोरात आजवर कुणी भांडलेलं नाही. अर्थात ते भांडण शेळीसाठी होतं.

तेवढ्यात वनखात्याची गाडी आली. वनरक्षक आरती मॅडमनी दोन मिनिटांत सगळ्यांना मागं ढकललं. सावळेरामचा कॅन काढून घेतला. सोबत जनावरांचे डॉक्टर होते, त्यांच्या हातात लांब बंदूक. मी गजांतून बघत होतो.

"मॅडम, पांढुरकं काहीतरी दिसतंय," डॉक्टर म्हणाले. तो माझा सदरा होता. "आधी बेशुद्ध करू. मग जवळ जाऊ. माणसाचा काही भाग उरला असेल तर..."

ते गुडघ्यावर बसले. बंदुकीचं तोंड पाचटातल्या फटीत, नेमकं माझ्याकडं वळलं. मला लहानपणापासून इंजेक्शनची भीती आहे. लसीच्या वेळी रत्नाला माझा हात धरावा लागला होता. आणि हे इंजेक्शन बिबट्याच्या वजनाच्या हिशेबानं भरलेलं! मी डोळे मिटले.

"थांबा!" हा आवाज रत्नाचा होता. ती धापा टाकत आली होती. "कोण म्हणतंय गेले म्हणून? माझ्याशी बोलले ना फोनवर!"

"कवा वैनी?"

"पाचला! थांबा, लावते."

माझ्या फोनमध्ये दुकानदारानं कोंबड्याची बांग भरून दिलेली आहे. ती बदलून द्या, असं त्याला सांगायला गेली चार वर्षं मला संकोच वाटतोय. ती बांग संध्याकाळच्या त्या भयाण शांततेत पिंजऱ्यातून उठली.

कुकूऽऽच कू!

कुंडलिक मटकन खाली बसला. "नानाभाऊंचा फोन! पोटात वाजतोय ओ! बिबट्याच्या पोटात!"

तीन बायका रडू लागल्या. मी हिरवं बटण दाबलं.

"कुठं आहात तुमी?" रत्ना म्हणाली.

"पिंजऱ्यात," मी कसंबसं म्हणालो. "मघाशीच सांगितलं होतं ना."

ती मग सगळ्या बांधाला ऐकू जाईल असं म्हणाली, "कोथिंबीर आणली का?"

असं म्हणाली खरं. पण फोन तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, ते मला गजांतून दिसलं.

दार वर गेलं. मी आत शिरलो होतो तसाच रांगत बाहेर आलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणूस मेला म्हणून इतकं रडल्यावर तो कोपरं झाडत बाहेर आला, तर लोकांना थोडं फसवल्यासारखं वाटतंच. सावळेराम तर माझ्याकडं असा बघत होता, की जणू मीच त्याचं डिझेल वाया घालवलं. ठकूबाई भिंगरीच्या गळ्यात पडली होती. भिंगरीच्या ओठाला यादीचा तुकडा चिकटलेला: 'आडवा होऊ शकतो का'.

आरती मॅडम पिंजऱ्याच्या तोंडाशी वाकून बॅटरीच्या उजेडात जमीन बघत होत्या. बराच वेळ बघितलं. मग उठल्या.

"आजोबा, तो आला होता?"

मी मान हलवली.

"दारापर्यंत आलाय. हे बघा, पुढचा पंजा उंबऱ्यावर टेकवलाय. नऊ दिवसांत पहिल्यांदा." पोरगी भली, मला वाईट वाटेल म्हणून शब्द शोधत होती. "म्हणजे... दार उघडं असतं, तर आज तो आत गेला असता."

"म्हंजी जागा नव्हती म्हून गेला?" कुंडलिकनं कपाळावर हात मारला. "काय हे नानाभाऊ! नऊ दीस वाट बगितली, आन् तो आला त्या दिवशी तुमीच बसलाव का आत?"

विमान भरलं की माल परत पाठवायचा, हा आमचा नियमच होता. पण तो सांगायची ती वेळ नव्हती.

चार दिवसांनी बिबट्या त्याच पिंजऱ्यात सापडला. त्याला सुखरूप नेलं. तो सापडला तेव्हा मी घरात होतो. दारामागं पुस्तकांच्या दोन पेट्या होत्या. गेणभाऊकडं मी अजून गेलेलो नाही. दाढी वाढली आहे. रत्ना म्हणते, शोभत नाही.

आणि आता इतकं सांगितलंच आहे, तर तेवढं एक उरकून टाकतो. तो ताडपत्रीनं झाकलेला सिंहाचा पिंजरा. मी चार तास घामाघूम होऊन त्याला प्रवासवर्णन वाचून दाखवलं, ते खरं आहे. संपत आलं होतं, तेवढ्यात आमचा हमाल हौशीराम आला. घोडेगावचा. त्यानं पिंजऱ्याला पाठ टेकून तंबाखू मळायला घेतली. मी किंचाळलो. तो म्हणाला, "नाना, कागुद वाचा की! रिकामा पिंजरा हाय ह्यो. सिंव्ह पोचला मागल्या म्हैन्यात. डबा परत चाललाय."

म्हणजे हिशेबानं बघितलं, तर आयुष्यात जनावर असलेला मोठा पिंजरा माझ्या हाताखालून एकदाच गेला, तो हा येडगावचा. त्यात नग दोन होते. एक शेळी, आणि दुसरा मी. दुसऱ्यावर लेबल नव्हतं, म्हणून बिबट्यानं तो माल उचलला नाही.